पेढीतील गोंगाट आणि त्याचे निवारण

स्मरणिकेसाठी व्यापारोपयोगी विषयावर काही लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा करभार, वाहतुकीचे दर, उधारीची वसुली अशा नेहमीच्या विषयांकडे आमचे लक्ष प्रथम गेले. परंतु त्यांवर आमच्यापेक्षा अधिकारवाणीने लिहिणारे सभासद पुष्कळ आहेत. म्हणून गेल्या दोन वर्षांत आम्हांस स्वतःच्या पेढीत जे शिकावे लागले, आणि जे शिकताना एका वृद्ध व विश्वासू माणसावर आमच्या हातून अन्याय होता होता राहिला, त्याचीच हकीकत सांगावी असे आम्ही ठरविले. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तो आहे पेढीतील गोंगाटाचा.

धारचे पवार आणि इंदूरचे होळकर यांच्या काळापासून माळव्यात मराठी बोलणारी घरे आहेत. धार जिल्ह्यातील पीथमपूर हे मात्र त्या मानाने अगदी नवे ठिकाण. १९८० नंतरच्या दशकात येथे औद्योगिक क्षेत्र वसविले गेले आणि ट्रक, मोटारी, टायर, औषधे यांचे कारखाने एकामागून एक उभे राहिले. लोक या गावास ‘भारताचे डेट्रॉइट’ म्हणू लागले. आमच्या आजोबांची पेढी इंदूरच्या सियागंजात होती. गिऱ्हाईक जिकडे गेले तिकडे आम्हीही गेलो, आणि आज नट-बोल्ट व बेअरिंगे यांचा आमचा व्यवहार पीथमपुरातील एका गाळ्यातून चालतो. समोर रस्ता, त्यावर रात्रंदिवस मालमोटारी. मागे शेजारच्या गाळ्याचे जनरेटर. बाजूस पत्रे कापण्याचे यंत्र. आत सहा माणसे, आठ मोबाइल, चार प्रतींचे बिल कर्कशपणे छापणारा जुना प्रिंटर आणि वातानुकूलन यंत्राची घरघर. हे सारे व्यापाराचे लक्षण आहे, शांत पेढी म्हणजे बसलेली पेढी, अशी आमची समजूत होती.

आमच्याकडील मुनीमजी आता पासष्टीच्या घरात आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी आमचा रोजमेळ लिहिला. पूर्वी वहीत, आता संगणकावर. त्यांच्या हिशेबात एक रुपयाची चूक काढणे ही आमच्या वडिलांना अशक्य कोटीतील गोष्ट वाटे. परंतु दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातून चुका होऊ लागल्या. प्रथम लहान होत्या, आम्ही दुर्लक्ष केले. मग एके दिवशी एका कारखान्याच्या भांडारातून दूरध्वनीवर साठ पेटी बोल्टची मागणी आली आणि मुनीमजींनी सात पेट्या लिहून गाडी रवाना केली. हल्ली कारखान्यांत माल साठवून ठेवण्याची रीत राहिलेली नाही. ज्या पाळीस जो माल हवा तो त्याच पाळीस दारात यावा लागतो. दुपारी जुळणीचे काम खोळंबले, संध्याकाळी आम्हांस चार शब्द ऐकून घ्यावे लागले, आणि पुढील महिन्यापासून त्या वस्तूची मागणी दुसऱ्या विक्रेत्याकडे गेली.

आम्ही मुनीमजींना सर्वांदेखत बोललो. ते एवढेच म्हणाले, “भैयाजी, मला सातच ऐकू आले. सात ऐकले म्हणून सात लिहिले.” आम्हांस ती सबब वाटली. वय झाले, लक्ष राहत नाही, आता यांना सन्मानाने निरोप द्यावा, असा विचार आम्ही घरी बोलून दाखविला. मुनीमजींच्या घरी अजून एका मुलीचे लग्न व्हावयाचे होते, हे ठाऊक असून बोलून दाखविला, हेही येथे कबूल केले पाहिजे.

त्या बेतास अडविले ते आमच्या सौभाग्यवतींनी. त्यांचे म्हणणे असे, की दिवाळीच्या साफसफाईत बैठकीतील पडदे व गालिचा काढला, की घर घुमू लागते आणि सासूबाईंना कोणाचेच बोलणे नीट कळत नाही. पडदे लावले की पुन्हा कळू लागते. “मुनीमजींचे कान आधी दाखवा, आणि मग तुमची पेढी कोणाला तरी दाखवा,” असे त्या म्हणाल्या. दोन्ही गोष्टी आम्ही काहीशा अनिच्छेनेच केल्या.

इंदूरच्या कर्णतज्ज्ञांनी मुनीमजींची तपासणी केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, की तरुणपणी हे कोठे काम करीत होते. आमच्याकडे येण्यापूर्वी दहा वर्षे ते इंदूरच्या एका कापड गिरणीत विणकाम खात्याचे हजेरी कारकून होते. धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत सहज जातो. कारखान्यांच्या नियमांनुसार दिवसाचे आठ तास ९० डेसिबल ही मर्यादा धरली जाते, आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात सूचनीय व्याधी म्हणून नोंदलेला होता. ही व्याधी कपटी असते. माणूस बहिरा होत नाही. हाक मारली तर ऐकतो, गाणे ऐकतो. प्रथम जातो तो उंच पट्टीचा आवाज, सेकंदास चार हजार कंपनांच्या आसपासचा. बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. व्यंजनांची धार वरच्या पट्टीत असते, ती बोथट होते. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत स्वर तोच, फरक केवळ शेवटच्या व्यंजनाचा. आमचा व्यवहार बहुतेक हिंदीतून चालतो, आणि हिंदीत तर ‘उन्नीस’ व ‘उनतीस’, ‘छियासठ’ व ‘छियासी’ अशा जोड्या पदोपदी भेटतात. शांत खोलीत मुनीमजी हे सारे अचूक ओळखीत होते. तज्ज्ञांनी मुद्दाम गोंगाट लावून तेच शब्द ऐकविले, तेव्हा ते चाचपडू लागले. मग त्यांनी आम्हांसही तोच गोंगाट ऐकविला. आम्ही पन्नाशीचे, कान धडधाकट. आम्हीही दोन ठिकाणी चुकलो.

आमच्या पेढीपासून थोड्याच अंतरावर नॅट्रॅक्स ही वाहनांच्या चाचणीची राष्ट्रीय संस्था आहे. तिची ११.३ किलोमीटर लांबीची वेगवान धावपट्टी २०२१ च्या जूनमध्ये सुरू झाली, ते वृत्त सभासदांनी वाचले असेल. तेथे वाहनाचा आवाज मोजण्यासाठीही वेगळी पट्टी आहे. अशा चाचणीची रीत अशी, की पट्टीच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरांवर दोन्ही बाजूंस ध्वनिग्राहक ठेवतात आणि त्यांच्यामधून गाडी नेतात. गावात गाडीचा आवाज इतक्या काटेकोरपणे मोजला जातो, आणि ज्या खोलीत आम्ही दिवसाचे दहा तास बसतो तिचा आवाज आम्ही आयुष्यात कधी मोजला नव्हता. मोबाइलवर मिळणाऱ्या साध्या साधनाने तो मोजला. असल्या साधनाचा आकडा तंतोतंत धरावयाचा नसतो, पण अदमास येतो. सकाळी अकरा वाजता, दारे बंद असताना, काटा ७० च्या आसपास होता. कार्यालयीन कामास सर्वसाधारणपणे ४५ ते ५० डेसिबल योग्य मानतात, आणि दहा डेसिबल वाढले की आवाज कानास दुप्पट वाटतो. सरकारने २००० साली केलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ व रात्री ७० ही मर्यादा आहे. परंतु ती उघड्यावरची. म्हणजे आमची बंद खोली रस्त्याइतकीच गजबजलेली होती.

आम्ही साहजिकच दोष बाहेरच्या जगास दिला. पण एका रविवारी, कारखाने चालू असताना आणि पेढी बंद असताना, रिकाम्या खोलीत तोच काटा पुन्हा पाहिला. तो साठाच्याही खाली होता. वरचा सारा भाग आमचा आम्हीच निर्माण केलेला होता. हे आम्हांस अनपेक्षित होते. मग टाळी वाजवून पाहिली. मांडूच्या ‘एको पॉइंट’वर मुले आरोळी देऊन डोंगरातून उत्तर मागवितात, तो प्रकार आमच्या वीस फूट लांबीच्या खोलीत घडत होता, फरक इतकाच, की येथे उत्तर वेगळे न येता टाळीलाच चिकटून लांबत जाई.

या लांबण्याचे शास्त्र अमेरिकेत जन्मास आले, आणि तेही गाद्यांपासून. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह इतके घुमे, की व्याख्यात्याचा शब्द कळेना. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपविण्यात आले. त्यांनी रात्रीच्या शांततेत जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या उचलून आणल्या, व्याख्यानगृहात एकेक करून मांडल्या, आणि बाजाच्या नळीचा सूर बंद केल्यावर तो किती वेळ रेंगाळतो ते घड्याळाने मोजले. रिकाम्या दालनात तो साडेपाच सेकंद रेंगाळे. गाद्या वाढत गेल्या तसा कमी होत गेला. त्यातून जो नियम निघाला तो कोणाही व्यापाऱ्यास समजेल असा सोपा आहे. खोलीचे घनफळ जितके अधिक तितका आवाज रेंगाळतो, आणि मऊ, सच्छिद्र पदार्थ जितके अधिक तितका तो लवकर विरतो. बॉस्टनचे १९०० साली उघडलेले संगीतगृह याच नियमाने बांधले गेले.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आजोबांची सियागंजातील पेढी उभी राहिली. भिंतीपासून भिंतीपर्यंत कापसाची गादी, तिच्यावर शुभ्र चादर, मागे लोड आणि तक्के. भिंतीतील फडताळांत लाल कापडात बांधलेल्या वह्यांच्या थप्प्या. दारास जाड पडदा. आजोबा कधी मोठ्याने बोलल्याचे आम्हांस आठवत नाही, आणि त्यांचे बोलणे ऐकू आले नाही असेही आठवत नाही. आम्ही ते त्यांच्या स्वभावाचे लक्षण समजत होतो. थोडेफार श्रेय गादीसही देणे प्राप्त आहे.

आमचा गाळा वीस फूट लांब, सोळा फूट रुंद, अकरा फूट उंच. गुळगुळीत फरशी, काचेचा दर्शनी भाग, प्लास्टरचे छत, सनमायका लावलेली मेजे. सेबाइनच्या नियमाने ढोबळ हिशेब केला, तर अशी खोली पूर्ण रिकामी असताना आवाज चार सेकंद रेंगाळतो. सहा माणसे व सामान धरून दोन सेकंद. याच खोलीत आजोबांसारखी दोनशे चौरस फूट गादी घातली, तर तोच आकडा एका सेकंदाच्या आत येतो. आम्ही नवी पेढी सजविताना जे जे ‘जुनाट’ म्हणून टाकून दिले, वह्यांसकट, ते सारे आवाज पिणारे होते. आणि जे जे हौसेने पैसे देऊन आणले ते सारे आवाज परतविणारे.

यात आणखी एक दुष्टचक्र आहे. लोम्बार या फ्रेंच वैद्याने १९११ साली असे दाखविले, की भोवती आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवितो. एक चढवितो म्हणून दुसरा चढवितो, आणि मग मोबाइल कानास न लावता स्पीकरवर टाकून बोलण्याची जी नवी खोड सर्वांस लागली आहे ती त्यात तेल ओतते. म्हणून खोली थोडी जरी मऊ केली, तरी हिशेबात दिसतो त्यापेक्षा अधिक फरक पडतो. कारण माणसेही आपोआप हळू बोलू लागतात.

आता आम्ही काय केले ते सांगतो, चुकांसकट. प्रथम एका सुताराच्या सल्ल्याने भिंतीस थर्मोकोलच्या पाट्या लावल्या. काही उपयोग झाला नाही. थर्मोकोल हलके असते, पण त्याची छिद्रे बंद असतात. त्यात हवा शिरत नाही, म्हणून आवाजही शिरत नाही. अंड्यांचे पुठ्ठे लावावेत असाही सल्ला मिळाला. ते आमच्या पेढीत येणे शक्य नव्हते, आणि पुढे समजले की ते फारसे उपयोगीही नसतात. नंतर पिंजाऱ्यास बोलावून दोन इंच जाडीच्या लाकडी चौकटींत पिंजलेला कापूस भरून, वर खादीचे कापड ताणून, त्या दोन लगतच्या भिंतींवर बसविल्या. समोरासमोरच्या भिंतींपैकी एक तरी मऊ असली की आवाजाची चेंडूफेक थांबते. कापूस पेट घेतो. तेव्हा विजेच्या बटणांपासून व तारांपासून या चौकटी दूर ठेवाव्यात, आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी कापसाऐवजी खनिज लोकरीच्या पाट्या वापराव्यात, त्या जळत नाहीत. छताच्या अर्ध्या भागास आम्ही तशाच पाट्या लावल्या. काचेस जाड, चुणीदार पडदे केले. एका कोपऱ्यात दहा फूट लांब, आठ फूट रुंद बैठक घालून तेथे गादी-तक्के मांडले. आलेले गिऱ्हाईक खुर्ची सोडून तेथेच बसते, हा एक अनपेक्षित लाभ.

परंतु आवाज पिणे निराळे आणि आवाज अडविणे निराळे. पडदा बाहेरच्या जनरेटरास अडवीत नाही. तेथे वजनदार भिंत आणि बंद फट लागते. नऊ इंची विटांची भिंत आमच्याकडे होतीच, मग आवाज येत कोठून होता? दाराखालून. तीन फूट रुंद, सात फूट उंच दाराखाली पाऊण इंच फट असेल, तर ती दाराच्या क्षेत्राच्या जवळजवळ एक शतांश भरते; आणि एक शतांश उघडे असलेले दार, मग ते सागवानी असो की लोखंडी, वीस डेसिबलपेक्षा अधिक आवाज अडवूच शकत नाही. रबराची पट्टी लावण्यास खर्च किरकोळ आला. आतील खोलीची गोष्टही तशीच. प्लायवूडची आडभिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच नेलेली होती, आणि आमच्या खाजगी वाटाघाटी वरच्या पोकळीतून सरळ बाहेरच्या मेजावर उतरत होत्या! कितीजणांनी किती ऐकले असेल, देव जाणे. ती भिंत खऱ्या छतापर्यंत चढविली.

जनरेटरकडील खिडकीस चार इंच अंतर ठेवून दुसरी काच बसविली. दूरध्वनीवर मागण्या घेण्याची मुनीमजींची जागा त्या खिडकीजवळ होती. ती समोरच्या टोकास नेली. प्रिंटरखाली जाड नमदा घातला. शेजाऱ्यांचे जनरेटर फार जुने होते. १ जानेवारी २००५ पासून तयार होणाऱ्या जनरेटरांस आवाजरोधक पेटी असावी लागते, आणि एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. तक्रार करण्याऐवजी आम्ही त्यांना आमच्या खोलीत चहास बोलावले व जनरेटर चालू असताना बोलत राहिलो. पुढील वर्षी त्यांनी नवे घेतले. त्यांचे मुनीमही त्याच भिंतीला पाठ लावून बसत असत.

आता काटा अकरा वाजता साठाच्या थोडा खाली असतो. सत्तरावरून येथे येणे म्हणजे कानास गोंगाट निम्मा झाल्यासारखा आहे. आम्हांस त्याहून मोठा बदल जाणवतो तो संध्याकाळी. पूर्वी घरी जाताना डोके जड असे, ते आता नसते. मुनीमजींना कानातले यंत्र आम्ही पेढीच्या खर्चाने घेऊन दिले. अशी यंत्रे गोंगाटही मोठा करतात, म्हणून घुमणाऱ्या खोलीत ते त्यांनी काढूनच ठेवले असते. सर्वांदेखत बोललो होतो, म्हणून क्षमाही सर्वांदेखत मागितली. ते संकोचले आणि लगेच कालच्या रोजमेळाची गोष्ट काढून त्यांनी विषय बदलला.

तरीही पीथमपूर हे पीथमपूरच आहे. ट्रकचा कर्णा कोणत्याही काचेस जुमानीत नाही, आणि पलीकडे फोनवर बोलणारा भांडारपाल तर यंत्रांच्या मध्यभागी उभा असतो. त्यावर उपाय मुनीमजींनीच काढला. जुन्या हुंडीत रक्कम अंकी व अक्षरी लिहून भागत नसे. तिचे ‘नीमे’, म्हणजे निम्मी रक्कम देऊन तिची दुप्पट असेही लिहीत, म्हणजे आकड्यात फेरफार वा चूक राहू नये. मुनीमजी आता फोनवर मागणी तशीच वाचून दाखवितात: “साठ पेटी, नीमे तीस.” सात असते तर साडेतीन म्हणावे लागले असते, आणि त्या दोहोंत कानाची फसगत होणे शक्य नाही. कारखान्यांतील तरुण मंडळी प्रथम हसली. मागच्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाचा फोन आम्हीच घेतला, मागणी सांगून तो थांबला आणि मग आपण होऊन म्हणाला, “भाईसाब, नीमे बीस.”

छताचा उरलेला अर्धा भाग दिवाळीनंतर करावयाचा आहे. ज्या सभासदांना पाहण्याची इच्छा असेल त्यांनी सकाळी अकराच्या सुमारास यावे. तीच वेळ सर्वांत गर्दीची असते.